हेराच्या घरची माणसं

शनिवार, रात्री उशिरा

आज वाचनालयाच्या माडीवर 'द कुरिअर' दाखवला. 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या, म्हणून एरवी कधीच न फिरकणारी मंडळी आली होती. किनाऱ्यावरचे दोन तांडेल, नौदलातून निवृत्त झालेले काका, दशावतारात राजाची भूमिका करणारे एक बुजुर्ग (पावसात त्यांचेही खेळ बंद असतात), कॉलेजची पाच-सहा मुलं. आणि मागच्या बाकांवर बायका. बायका इतक्या येतील असं वाटलं नव्हतं. हेराचा सिनेमा म्हटल्यावर पुरुषच येतील असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

सिनेमा इंग्रजी. सगळं कळणारे थोडेच, म्हणून मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगायचं ठरवलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा थांबवलं तेव्हा मागून आवाज आला, "थांबव नुको गो, तेंच्या तोंडार कळता सगळां." मग थांबवला नाही. सुरुवातीला गोष्ट काय आहे तेवढं सांगितलं होतं, ते पुरलं.

गोष्ट खरी घडलेली. ग्रेव्हिल विन हा इंग्लंडमधला धंदेवाईक माणूस, कारखान्यांना लागणारी यंत्रसामग्री विकायला पूर्व युरोपात फिरणारा. मॉस्कोत सोव्हिएत लष्करी गुप्तहेर खात्यातला कर्नल ओलेग पेन्कोव्स्की पाश्चिमात्यांना गुपितं द्यायला तयार झाला होता. त्याच्यापर्यंत संशय न येता पोहोचेल असा कोणीतरी हवा होता. ब्रिटिश हेरखात्याने विनला गाठलं. विन हेर नव्हता. तो माल विकायला जायचा, जेवणं घालायचा, हात मिळवायचा आणि येताना निरोप आणायचा. 1961 च्या एप्रिलपासून सुमारे दीड वर्ष हे चाललं. पेन्कोव्स्कीने हजारो पानांची छायाचित्रं बाहेर पोहोचवली. त्यात सोव्हिएत क्षेपणास्त्रांची माहितीपुस्तकंही होती. 1962 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या यू-टू या टेहळणी विमानाने क्युबावरून काढलेल्या फोटोंत जे दिसलं, ते नेमकं कुठलं क्षेपणास्त्र आणि ते किती तयारीत आहे, हे ओळखायला ती कागदपत्रं कामी आली. 22 ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून जगाला क्युबातल्या क्षेपणास्त्रांबद्दल सांगितलं. त्याच दिवशी मॉस्कोत पेन्कोव्स्कीला अटक झाली.

हे मी सांगत होते तेव्हा एक तांडेल म्हणाला, "म्हंजे तेना लढाय थांबवल्यान." नौदलवाले काका लगेच म्हणाले, "तेना आपलो देश इकल्यान. नाव कायव दिया, फितूर तो फितूर." पडद्यावर अजून नावंसुद्धा आली नव्हती आणि सभागृहात दोन बाजू झाल्या होत्या. मला ते आवडलं. इथे लोक नाटकाला असेच बसतात, मत घेऊनच.

पण सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा ही दोन्ही मतं मागे पडली. विनची बायको शीला. जेसी बकलीने तिचं काम केलंय. नवरा पुन्हा पुन्हा मॉस्कोला जातोय, परत आला की तुटक बोलतोय, व्यायाम करायला लागलाय, मुलावर उगाच ओरडतोय. त्याने आधी एकदा दुसऱ्या बाईत गुंतून तिला फसवलेलं आहे, म्हणून तिच्या मनात जे येणार तेच येतं. तो तिला खरं सांगू शकत नाही. ती विचारते, तो खोटं बोलतो, आणि तो खोटं बोलतोय हे तिला कळतं. फक्त कशाबद्दल, ते कळत नाही.

इथे मागच्या बाकांवरची चुळबुळ थांबली. कोणीतरी हळू म्हणालं, "हिका कोणी सांगूक नाय?" आणि मग पुढचा सगळा वेळ मला पडद्यापेक्षा त्या बाकांकडे बघावंसं वाटत राहिलं. क्षेपणास्त्रं, कॅमेरे, पाठलाग, यांत पुढचे पुरुष रंगले होते. मागे सगळ्यांचं लक्ष त्या एका घरात, त्या स्वयंपाकघरात होतं.

विनला पकडतात, तुरुंगात त्याचं डोकं भादरतात, तो वाळत जातो. (विनचं काम करणाऱ्या बेनेडिक्ट कंबरबॅचने या प्रसंगांसाठी खरोखर वजन उतरवलं होतं. तो अंगरखा उचलतो तेव्हा सभागृहात "अरे देवा" असा एकच आवाज झाला.) शीला तुरुंगात भेटायला येते, तेव्हा दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. माझंही तसंच झालं.

शेवटी खऱ्या विनची जुनी कृष्णधवल चित्रफीत येते, सुटून आल्यावर घराशी पत्रकारांना भेटतानाची. ती संपली, दिवे लागले. पहिला प्रश्न मागून आला, आणि तो विनबद्दल नव्हता, शीलाबद्दलही नव्हता.

"त्या रशियनाच्या बायलेचां काय झालां?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनेमातही नाही.

रविवार, दुपार

सकाळी शेजारच्या काकी आल्या. त्यांचे यजमान मालवाहू बोटींवर होते, उमेदीची सगळी वर्षं समुद्रावर गेली. काल त्या मागच्या बाकावर अगदी कडेला होत्या. चहा होईपर्यंत काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे बोटीर होते तेव्हा पत्र येय दोन-दोन म्हयन्यांनी. खंयच्या बंदरात आसत, काय खातत, कायएक कळा नाय. पण बोटीर आसत ह्यां तरी ठावक होतां. तिका तां पण ठावक नाय."

मी हे वाक्य त्या गेल्यावर लगेच लिहून ठेवलं. या सिनेमाबद्दल जे काही ऐकलं-वाचलं त्यात कंबरबॅचचं वजन, मॉस्कोसारखं दाखवलेलं प्राग, शीतयुद्धाचं वातावरण, हेच सगळीकडे. काकींनी एका वाक्यात शीलाची जागा नेमकी दाखवली. वाट बघणं इथल्या बायकांना नवं नाही. या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतला पुरुष एक तर मुंबईला, नाही तर बोटीवर, नाही तर आखातात. वाट बघण्याचंही एक शास्त्र इथे तयार झालंय. मनिऑर्डर कधी यायची, पत्र कधी, गणपतीला रजा मिळणार की नाही, मिळाली नाही तर कोणाबरोबर काय पाठवायचं. पण हे सगळं एका गोष्टीवर उभं असतं. माणूस कुठे आणि कशासाठी गेलाय, हे घराला माहीत असतं. ती एक गोष्ट काढून घेतली की वाट बघता येत नाही, नुसता संशय घेता येतो.

काकींना मी म्हटलं, सांगितलं असतं तर तीही अडकली असती, विनने तिला वाचवण्यासाठीच लपवलं. त्या म्हणाल्या, "ता खरां. पण वाचवलां कोणाक आणि मारलां कोणाक, ता तिनाच सांगूचा."

त्या गेल्यावर बाबांची आठवण आली. बाबा मुंबईत गिरणीत होते. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, ते आईला रेडिओवर कळलं, सगळ्या गावालाच कळलं. पण बाबांची मनिऑर्डर येत राहिली. आई शेजारणींना सांगायची, ह्यांचं गिरणीतलं खातं चालू असेल. ते पैसे उसने होते, हे पुष्कळ नंतर कळलं. बाबांनी लपवलं ते आमच्या भल्यासाठी, यात मला कधीच शंका नव्हती, आजही नाही. पण आईने त्या महिन्यांत एक म्हैस घेतली होती. पैसे येतायत म्हणून घेतली. कर्ज फेडायला पुढे ती विकावी लागली, तेव्हा आई बाबांना एवढंच म्हणाली की मला सांगितलं असतं तर मी घेतलीच नसती. प्रेमाने लपवलेल्या गोष्टीचाही खर्च असतो, आणि तो ज्याच्यापासून लपवलं तो भरतो. शीलाकडे बघताना काल मला आईच दिसत होती.

मंगळवार

दोन दिवस या प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचते आहे. "रशियनाच्या बायलेचां काय झालां" हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

पेन्कोव्स्कीच्या बायकोचं नाव व्हेरा. ती एका जनरलची मुलगी. दोन मुली. वडील पकडले गेले तेव्हा धाकटी तान्ही होती. 1963 च्या मेमध्ये मॉस्कोत खटला चालला, विन आणि पेन्कोव्स्की दोघेही आरोपी. विनला आठ वर्षं, पेन्कोव्स्कीला मृत्युदंड, आणि त्याच महिन्यात त्याला मारल्याची घोषणा झाली. विनला पुरी आठ वर्षं काढावी लागली नाहीत. 22 एप्रिल 1964 ला बर्लिनमध्ये अदलाबदल झाली. ब्रिटनच्या तुरुंगातला सोव्हिएत हेर गॉर्डन लॉन्सडेल, खरं नाव कोनोन मोलोदी, तिकडे गेला आणि विन इकडे आला. 1990 मध्ये तो वारला.

घरी परतल्यावर सगळं जुळलं का? नाही. विन आणि शीलाचा संसार टिकला नाही. सिनेमा तुरुंगातल्या त्या भेटीत त्यांना इतकं जवळ आणतो की पुढे सगळं नीट झालं असणार असंच वाटतं. हे मला पटत नाही. शनिवारी रडलेल्या बायकांना ती भेट द्यायची आणि पुढचं सांगायचं नाही, हे बरोबर नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्या कमी रडल्या नसत्या.

आणखीही बदल आहेत. सिनेमात विनला मॉस्कोतच विमानातून उतरवून पकडतात. प्रत्यक्षात त्याला बुडापेस्टमध्ये पकडलं, 2 नोव्हेंबर 1962 ला, पेन्कोव्स्कीच्या अटकेनंतर अकरा दिवसांनी. हा बदल मी समजू शकते. दोघांचं पकडलं जाणं एकाच वेळी, एकाच शहरात दाखवलं की गोष्ट घट्ट होते, आणि मित्राला सोडवायला गेलेला माणूस म्हणून विन मोठा होतो. सिनेमाचा आत्मा त्या दोघांची मैत्री आहे. मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात बॅले बघताना दोघं शेजारी बसलेले आहेत, आणि विनच्या डोळ्यांत पाणी येतं. तो प्रसंग मला फार आवडला. मेराब निनिड्झे पेन्कोव्स्की झालाय, आणि मला तो कंबरबॅचपेक्षा सरस वाटला. घरी मुलीशी खेळताना एक चेहरा, कचेरीत दुसरा, आणि दोन्ही खरे.

पण एक बदल असा आहे की तो वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

सिनेमात एमिली डोनोव्हन नावाची अमेरिकी हेरखात्यातली तरुणी आहे, रेचल ब्रॉस्नाहनने केलेली. हुशार, ठाम, विनला तयार करणारी. कॉलेजच्या मुलींना ती फार आवडली, शनिवारी त्या तिच्याबद्दलच बोलत होत्या. अशी बाई या प्रकरणात नव्हती. ती लिहून घातलेली आहे.

आणि जी बाई खरोखर होती, ती सिनेमात नाही. जॅनेट चिझम. ब्रिटिश हेरखात्याच्या मॉस्कोतल्या अधिकाऱ्याची बायको. पेन्कोव्स्की आणि ती मॉस्कोतल्या एका बागेत भेटायचे. ती मुलांना घेऊन फिरायला आलेली असायची, बाबागाडी बरोबर. हा येता-जाता मुलांशी बोलायचा, त्यांना गोळ्यांचा डबा द्यायचा. त्या डब्यात फिल्म असायची. सोव्हिएत हेरखात्याची माणसं शहरभर असताना, स्वतःची लहान मुलं सोबत घेऊन, हे काम ती करत होती. विन मॉस्कोत नसायचा तेव्हा कितीतरी कागद तिच्या हातून गेले. तिच्यावर पाळत सुरू झाली, आणि पेन्कोव्स्कीवर संशय जाण्याचं हेही एक कारण झालं.

या सिनेमाला यापेक्षा चांगला प्रसंग कुठला मिळणार होता? थंडीतली बाग, बाबागाडी, गोळ्यांचा डबा, मुलांचा दंगा, आणि एका आईचे हात. मागच्या बाकांवरच्या बायकांनी श्वास रोखून बघितला असता. लिहून घातलेली बाई खोलीत उभी राहून पुरुषांना पटवते. खरी बाई बागेत मुलाचं टोपडं बांधता बांधता काम करते. कोणाला वाटलं असेल की दुसरी कमी दिसेल? मला तसं वाटत नाही. मला वाटतं, बाईचं शौर्य म्हणजे पुरुषांच्या खोलीत पुरुषांसारखं बोलणं, एवढीच कल्पना ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनाच असं वाटेल. अमेरिकी प्रेक्षकांसाठी अमेरिकी पात्र हवं होतं, असंही असेल. तरीही खऱ्या माणसाला त्याच्याच गोष्टीतून काढणं मला अन्यायाचं वाटतं. जॅनेट 2004 मध्ये वारली. सिनेमा 2020 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, 'आयर्नबार्क'. आपली जागा कोणाला दिली हे तिला बघावं लागलं नाही.

बुधवार

बाजारात कॉलेजचा एक मुलगा भेटला. म्हणाला, "आपल्याकडे हेर म्हणजे बहिर्जी नाईक." त्याच्यावर सिनेमा व्हायला हवा, वेषांतरं, सुरतेची खबर, केवढं नाट्य आहे. मी म्हटलं, होऊ दे, पण त्याच्या घरात कोण कोण होतं ते सांगशील? त्याला सांगता आलं नाही, मलाही नाही. आम्ही दोघं मासळीच्या रिकाम्या ओट्यांपाशी उभे राहून बराच वेळ यावर बोललो. तो म्हणाला, ते लिहून ठेवलेलंच नसणार. मी म्हटलं, तेच तर.

गुरुवार, संध्याकाळ

दशावतारी आजोबा पुस्तक बदलायला आले. त्यांना मी जॅनेटबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसलेच.

आधी निनिड्झेबद्दल बोलले. "तोंडार हसू आणि डोळ्यांत भिती, दोन्ही एकदम. ह्यां करूक लय कठीण. राजा रागावतलो तर आवाज काढता येता, पण राजा भियालोहा आणि ता लपयता, ह्यां कसां करतलंस?" त्यांनी मला ते करून दाखवलं, वाचनालयातच, डोक्याला मुंडासं नाही, तोंडाला रंग नाही, आणि मला ते दिसलं.

मग मूळ मुद्द्यावर आले. दशावतारात संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद रंगमंचावर उभं राहून सुचतील तसे. म्हणून खरं-खोटं यावर त्यांचं मत मला हवं होतं. ते म्हणाले, "आमी पण पदरचां घालतो. वाक्यां आमचीच, कोण लिवन देणा नाय. पण सीतेक काढून तिच्या जाग्यार दुसरीच कोण उभी करूक लोक आमका दिवचे नाय. पुढच्या वर्सा जत्रेक बोलवचे नाय."

मला जे दोन दिवस नीट मांडता येत नव्हतं ते त्यांनी असं सरळ सांगितलं. लढाई कुठे झाली, कोण कुठल्या दारातून आला, हे बदला. सीता बदलू नका. इथल्या प्रेक्षकाला आख्यान आधीपासून पाठ असतं, म्हणून तो हे चालू देत नाही. विनची गोष्ट पाठ असलेले लोक जगात फार थोडे आहेत, म्हणून ते खपलं. सत्यघटनेवरचा सिनेमा करणाऱ्यावर खरं तर यामुळेच जबाबदारी जास्त येते. समोरच्याला माहीत नाही, तो जे दाखवाल तेच खरं धरणार आहे. आमच्या कॉलेजच्या मुली एमिली खरी होती असं धरून घरी गेल्या.

आम्ही बोलत असतानाच नौदलवाले काका आले. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. हेरखात्यातल्या माणसाचं नाव गुप्तच ठेवायचं असतं, म्हणून तिला वगळली असेल. मी त्यांना दाखवलं की चिझम पती-पत्नीचं नाव 1963 च्या खटल्यातच उघड झालं होतं, सोव्हिएत सरकारनेच ते जाहीर केलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते यावर गप्प झाले, पण पेन्कोव्स्कीवरचं मत सोडायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं मला समजतं. गणवेश घातलेल्या माणसाला हे सोपं नाही. या किनाऱ्याला तर ते मुळीच सोपं नाही. 1993 मध्ये रायगडातल्या शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली, त्यानंतर समुद्राकडे बघण्याची आमची नजरच बदलली. 2008 नंतर तर मच्छीमारांना ओळखपत्रं, गस्त, नवी बोट दिसली की कळवायचं, हे रोजचं झालं. आतला माणूस फिरला की काय होतं ते इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण मग मी त्यांना मागच्या बाकांवरून आलेला प्रश्न सांगितला. व्हेराचा आणि दोन मुलींचा. ते म्हणाले, "फितुराच्या पोरींचां काय घेवन बसलंस?"

मी म्हटलं, त्या तान्ह्या पोरीने काय फितुरी केली होती?

आजोबा माझ्याकडे बघत होते. काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, पोरींचा दोष नाय, पण बापाने करण्याआधी त्यांचा विचार करायला हवा होता. मी म्हटलं, त्याने तो केला नाही असं कशावरून? सिनेमातला पेन्कोव्स्की तर मुलांसाठीच हे करतोय असं म्हणतो. काका म्हणाले, "ता सिनेमात." आजोबा म्हणाले, "मग खरां काय ता शोधूक व्हया." त्यावर पुन्हा तिघांचं जुंपलं, आणि दिवे मालवायची वेळ होऊन गेली तरी आम्ही तिथेच होतो.

पुढच्या शनिवारी पुन्हा जमायचं ठरलंय. सिनेमा नाही, नुसतं बोलायचं. मी जॅनेटबद्दल सांगणार आहे, आणि शीला-विनचं पुढे काय झालं तेही. काका पेन्कोव्स्कीच्या विरुद्ध बोलणार आहेत, तसं त्यांनी जाताना बजावलंय. काकींना मी आताच सांगून आले. त्यांनी विचारलं, बायका आणू का आणखी? मी म्हटलं, जितक्या येतील तितक्या आणा, आणि या वेळी पुढे बसा.